मुक्या गाडीच्या तक्रारी

७ ऑक्टोबर

निरोप समारंभात कॉलेजने शाल, नारळ आणि ही डायरी दिली. उन्हाळ्यापासून कोरी पडून होती. आज तिला काम मिळालं.

दसऱ्याला गाडी घेतली. हायब्रिड. पेट्रोलवर चालते आणि विजेवरही. वीज तिची तीच तयार करते, कुठे जोडावी लागत नाही. एवढं शोरूममध्ये समजलं होतं. कधी पेट्रोल आणि कधी वीज हे ती मला विचारणार नाही, हे समजलं नव्हतं. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होतं. गेटसमोर, उतरायच्या क्षणी, आपोआप सुरू होतं.

आज बडनेरा रोडवरच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवर आचल नावाची मुलगी होती.

"सर, ते तसंच असते. हायब्रिड आहे ना."

"चालवणारा मी आहे."

"हो सर. पण ठरवते ती."

मी हसलो नाही. मग ती म्हणाली, "असं करा. जे जे वाटून राहिलं ते तारीख टाकून लिहून ठेवा. पुढच्या सर्व्हिसिंगले सगळं एकदम द्या. मी वर पाठवते."

वाटून राहिलं. पदवीधर मुलगी. "वाटतं" म्हणायला काय जातं?

८ ऑक्टोबर

तक्रार. गाडी सुरू झाल्याचं कळत नाही.

दसऱ्याचंच उदाहरण. बायकोचे, साधनाचे, दादा खुशालराव आणि आई जयवंताबाई अकोल्याहून आले होते. खुशालरावांची फुलशेती आहे. त्यांनी झेंडूचा एवढा जाड हार आणला की पुढचे सेन्सर झाकले गेले आणि गाडी टूं टूं करत राहिली. शोरूमच्या माणसाने चाकाखाली लिंबू ठेवलं. जयवंताबाई महानुभाव, त्यांना लिंबू-नारळ चालत नाही. त्या व्हीलचेअरवर तोंड फिरवून बसल्या. कमरेचं हाड मोडल्यापासून त्या खुर्चीवरच असतात.

मी बटण दाबलं. "रेडी" हे हिरवं अक्षर उमटलं.

"सुरू तं करा भाऊजी," खुशालराव म्हणाले.

"सुरू आहे."

"कुठं?"

लिंबू चिरडलं तेव्हा ते मागे सरकले. "अर्रर्र. हे तं चोरावानी निघाली!"

जयवंताबाईंनी तेव्हा वळून पाहिलं. "मुकी हाय का वं गाडी, साधने?"

"हो आई. मुकी आहे."

"मंग जपा लागते. मुक्या जनावराचं कुठं दुखते, ते सांगत नाही."

तेव्हापासून सासरी गाडीचं नाव मुकी. 

१२ ऑक्टोबर

गाडीची तक्रार नाही. पण लिहून ठेवतो.

साधना स्वयंपाकघरात फोनवर दादाशी बोलत होती. "आईले कावून रडू येऊन राहिलं? मी येऊन राहिली ना, दादा. भाऊबीजेले येऊन राहिली."

मी पाणी घ्यायला गेलो होतो. म्हणालो, "येऊन राहिली म्हणजे आली आणि मुक्काम केला. येते आहे, असं म्हण."

तिने फोनवर हात ठेवला. "येते आहे," ती म्हणाली. मला. मग फोनमध्ये, "दादा, मी नंतर बोलते."

लग्नाआधी ती माझ्या वर्गात शिकायला होती. तेव्हापासून सांगतो आहे. घरात माझ्याशी ती आता चांगलं बोलते. फोन लागला की सगळं जातं.

हे मला कळत नाही असं नाही. माझी आईही असंच बोलायची, दर्यापूरकडची. मीही बोलायचो. पुण्याला एम.ए.ला गेलो. पहिल्या महिन्यात वर्गात म्हणालो, "सर येऊन राहिले." मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "येऊन राहिले? मग त्यांच्या जेवणाचं काय करायचं?" सगळा वर्ग हसला. प्राध्यापकही. त्या हिवाळ्यात मी ते जिभेवरून खरवडून काढलं. पुन्हा कधी येऊ दिलं नाही.

हिच्या वाट्याला तो वर्ग आला नाही. मी होतो.

१५ ऑक्टोबर

तक्रार. डिकी लहान आहे. मागच्या सीटखाली बॅटरी असल्यामुळे खोली कमी मिळते, असं मला वाटतं.

तक्रारीचं निमित्त: खुशालरावांची बायको आशाबाई दिवाळीनंतर लेकीच्या बाळंतपणाला नाशिकला जाणार. तीन-चार महिने. खुशालराव पहाटेपासून मळ्यात असतात. साधना म्हणते, तोवर आईला इथे आणू.

मी म्हणालो, आणायला हरकत नाही, पण व्हीलचेअर डिकीत मावणार नाही.

"मोजली का?"

"दिसतं मला."

"काय दिसतं?"

दुपारी खुशालरावांना फोन करून डिकीचं सांगितलं. ते म्हणाले, "हव का? एवढी महाग गाडी अन् खुर्ची नाही मावत?" हे त्यांनी मला उद्देशून म्हटलं की कंपनीला, कळलं नाही.

२३ ऑक्टोबर

भाऊबीज. अकोला. जाताना मूर्तिजापूरपर्यंत लिटरला सरासरी सव्वीस किलोमीटरच्या वर. एसी बंद ठेवला होता. साधनाने पदराने वारा घेतला.

संध्याकाळी निघताना तिने व्हीलचेअर अंगणात आणली. पाय ठेवायच्या पट्ट्या काढल्या. खुर्ची घडी केली. मागच्या सीटचा एक भाग पाडला आणि खुर्ची आत सरकवली. खुशालराव झेंडूचं क्रेट हातात धरून बघत राहिले.

"मावली नं भाऊजी!"

"मावली," मी म्हणालो.

जयवंताबाई मागे बसून आल्या.

तक्रार. डिकीच्या कडेचं प्लॅस्टिक हलक्या प्रतीचं आहे. एका ओरखड्यात पांढरं पडलं.

२८ ऑक्टोबर

माझी दाढ काढली. भूल उतरेपर्यंत गाडी चालवायची नव्हती. साधना आईला घेऊन रिद्धपूरला, महानुभावांच्या तीर्थाला गेली. जयवंताबाईंची बऱ्याच दिवसांची इच्छा होती. लायसन्स तिचं जुनं आहे. जुनी गाडी ती चालवायचीही. ही गाडी मी आजवर दिली नव्हती. पायाची सवय वेगळी लागते.

त्यांच्या पंथाचं जुनं गद्य मी आयुष्यभर शिकवलं. इतकं सरळ वाक्य मराठीत पुन्हा कोणाला जमलं नाही, असं दर वर्षी वर्गात सांगायचो. आल्यावर जयवंताबाई मला तिथलं काही सांगायला लागल्या. गाल सुजला होता, बोलणं नीट लागत नव्हतं. मी मान हलवली आणि गाडी बघायला बाहेर गेलो.

सरासरी एकोणीस.

जेवताना विचारलं. साधना म्हणाली, "एका स्थानाहून दुसऱ्या स्थानी जाताना आईला दर वेळी उतरवणं जमत नव्हतं. ऊन होतं. गाडी उभी करून एसी लावला."

"उभी ठेवून एसी? तेव्हाही इंजिन लागतं. पेट्रोल जळतं. पंधरवड्याची सरासरी एका दिवसात घालवलीस."

जयवंताबाईंनी ताटातला हात थांबवला. "माह्यामुळं जळलं, जवाईबापू. तिले नोका बोलू."

"तुम्हाला नाही म्हणत."

"मले नाही, मंग तिले कावून?"

मला चावता येत नव्हतं. उठलो.

३० ऑक्टोबर

जयवंताबाई आज गेल्या. त्यांनी स्वतःच म्हटलं. सकाळी हात जोडून, "दंडवत, बापू. मले अकोल्याले पोचवून द्या." मी एकदाही जा म्हटलं नाही. ही नोंद महत्त्वाची आहे, कारण साधना दिवसभर अशी वागते आहे की जणू म्हटलं.

गाडी मी चालवली. आधी वाटायचं हिचा आवाज नसणं चांगलं. पण इंजिन नसलं की बाकी सगळं ऐकू येतं. मागच्या सीटवर जयवंताबाईंचा श्वास ऐकू येत होता.

येताना सव्वीस पूर्णांक चार.

९ नोव्हेंबर

तक्रार. चावी खिशात असली की दार उघडतं. कोणाच्या खिशात, याच्याशी गाडीला देणंघेणं नाही.

साधनाला दर आठवड्याला अकोल्याला जायचं असतं. तिथे एक बाई येते, पण ती दुपारी जाते. खुशालराव मळ्यातून येईपर्यंत आई एकटी. मी म्हणालो, बस आहे, रेल्वे आहे. ती म्हणाली, गाडीही आहे. मी दोन्ही चाव्या कपाटात ठेवल्या. गाडीवर कव्हर घातलं. दोघांत वाद नको म्हणून.

"चावी कुठे आहे?"

"कशाला?"

"नाही. नुसतं विचारलं."

२४ नोव्हेंबर

तक्रार. गंभीर.

सकाळी खुशालरावांचा फोन. जयवंताबाई पलंगावरून पडल्या. कपाळ फुटलं. साधनाने चप्पल घातली आणि माझ्यासमोर हात पसरला. मी चावी दिली. कव्हर ओढून काढताना ते तिने फाडलं.

गाडीचं दार उघडलं नाही. रिमोटच्या आत असलेल्या साध्या चावीने उघडलं. बटण दाबलं तर काही नाही. हिरवं अक्षर नाही, टूं नाही.

मी म्हणालो, "ब्रेक दाबून बटण."

तिने माझ्याकडे बघितलं. गाडीतून उतरली. गेट उघडं टाकून कोपऱ्यावरच्या ऑटोत बसून स्टँडवर गेली.

आचलला फोन लावला. ती म्हणाली, "सर, मोठ्या बॅटरीले काही होत नाही. आत एक छोटी बॅटरी असते, नेहमीच्या गाडीसारखी. उभी राहून राहून ती उतरली. किती दिवस उभी होती?"

"थोडे."

"आठवड्यातून एकदा तरी काढा ना, सर. अर्धा घंटा फिरवून आणा. नाही वापरली तं जीव सोडते ती."

"हे आधी सांगायला हवं होतं."

"पुस्तकात आहे, सर."

मॅन्युअल उघडलं. आहे. मराठीत नाही.

२७ नोव्हेंबर

साधना परतली. कपाळाला टाके आहेत, धोका नाही, असं तिनेच सांगितलं. मी विचारणारच होतो. आशाबाई फाल्गुनापर्यंत येत नाहीत.

मी म्हणालो, "वाटल्यास इथे आण त्यांना."

ती भाजी चिरत होती. म्हणाली, "विचारलं मी. आई म्हणाली, मुकीचं पेट्रोल जळते."

यावर हसावं की काय, कळलं नाही. ती हसली नव्हती.

१४ डिसेंबर

घर शांत आहे. वाचन चांगलं होतं.

बॅटरीचा प्रश्न सुटला. दर रविवारी साधना गाडी काढून आणते. एक चावी तिच्याकडे दिली. आचलचंच म्हणणं अर्ध्या तासाचं. साधनाला तास-दीड तास लागतो. सरासरी बघणं मी सोडून दिलं आहे, निदान रविवारचं. एवढी मोकळीक दिली की माणूस शांत राहतो, हे मला आधी सुचायला हवं होतं.

२८ डिसेंबर

साधना हल्ली उगाच शिकवते. काल कुकरच्या शिट्ट्या. तुरीच्या डाळीला किती, तांदळाला किती. आज गॅस कुठल्या नंबरवर नोंदवायचा. दूधवाल्याचं नाव जीवन आहे हे मला माहीत नव्हतं.

"मला कशाला?"

"असू द्या."

निवृत्त माणसाला कामाला लावायची बायकांची पद्धत.

तक्रार. डिकी पूर्ण लागत नाही. मागच्या रविवारी तिने दोनदा आपटली. आत दोन बॅगा आणि गादी होती. जुनं सामान आहे, कोणाला तरी देते आहे, असं म्हणाली. घरातली अडगळ कमी होते आहे हे चांगलं.

४ जानेवारी

फोनवर ती आता हळू बोलत नाही. हॉलमध्ये बसून, माझ्यासमोर. "आई, तू जेवून राहिली का? मंग मी ठेवून राहिली." मी म्हणालो, "जेवते आहेस का." तिने वाक्य पूर्ण केलं. मग निरोप घेतला. मग फोन ठेवला. मग माझ्याकडे बघून विचारलं, "चहा?"

चहा चांगला होता.

११ जानेवारी

दुपारी झोपलो. उठलो तेव्हा पाच वाजून गेले होते. चहा नव्हता. ओटा पुसलेला. कुकर धुऊन पालथा घातलेला. आज रविवार, म्हणजे बॅटरी. अंगणात गाडी नव्हती. कधी काढली, कळलं नाही. गेटचाही आवाज आला नाही. गेटला तेल कोणी घातलं?

मोबाइलवर तिचा संदेश होता.

"मी अकोल्याला जाऊन राहिले."

वाटेत असेल. वाचून आधी हसू आलं. "अकोल्याला" बरोबर. "राहिले" हेही बरोबर. अकोल्याची बाई "राहिली" म्हणाली असती. पण क्रियापदाची चाल वऱ्हाडीच. इतक्या वर्षांत अर्धंच सुधारलं. माझी आई दर्यापूरच्या बाजाराला निघाली की दारातून ओरडायची, "मी जाऊन राहिली रे!" आणि आम्ही दिवस मावळेपर्यंत वाट बघायचो. यायची. हातात पेरू असायचे.

मी उत्तर लिहिलं. "जाऊन राहिले नव्हे. जाते आहे. किती वाजेपर्यंत येशील?"

सात. मूर्तिजापूरला असेल, गाडी चालवताना फोन बघत नाही, हे चांगलं.

आठ. गेट उघडं ठेवलं आहे. ही गाडी आल्याचं कळत नाही.

साडेआठला उत्तर आलं.

"वाक्य बरोबर आहे, सर."

ती चिडली की सर म्हणते. वाक्य बरोबर नाही. चालू काळ दाखवायचा असेल तर ते चूक आहे, आणि बरोबर धरायचं तर त्याचा अर्थ

१२ जानेवारी

डाळीला किती शिट्ट्या, ते विसरलो. तीन दिल्या. कच्ची राहिली.

कपाटात बघितलं. अडगळ नव्हती ती. तिच्या साड्यांचा अख्खा कप्पा रिकामा आहे.

खुशालरावांना फोन केला. ते म्हणाले, "हो भाऊजी, इथंच हाय. आईजवळ बसली." मग विचारलं, "तुमी जेवले का?"

मी म्हणालो, तिला द्या. त्यांनी फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. लांबून जयवंताबाईंचं काहीतरी ऐकू आलं आणि त्यावर साधना हसली. मोठ्याने. ते हसणं मी ओळखलं. वर्गात होती तेव्हा हसायची, दुसऱ्या बाकावर. खुशालराव परत आले आणि म्हणाले, "मंग करते म्हने."

केला नाही.

१९ जानेवारी

सकाळी आचलचा फोन.

"सर, तुम्ही तक्रारी लिहून आणणार होते ना. मी वर पाठवून राहिली, म्हणून आठवण केली."

मी डायरी उघडली. म्हणालो, "वाचून दाखवतो. पहिली, इंजिन..."

"एक मिनिट, सर. गाडी तं झाली."

"काय झाली?"

"सर्व्हिसिंग. परवा अकोल्याच्या सेंटरले. इथं दिसून राहिलं न मले कॉम्प्युटरवर. मॅडमनं आणली होती." ती वाचत होती. "फोन नंबर बी बदलून घेतला. आता मॅडमचा आहे. अन् तक्रारीच्या खान्यात लिहिलं, काही नाही. गाडी छान चालते."

मी डायरी मिटली.

"सर? मॅडम तिकडंच राहून राहिल्या का?"

राहून राहिल्या. एका क्रियापदात दोनदा राहणं. पुण्याच्या वर्गात हे वाक्य किती दिवस पुरलं असतं. मी तोंड उघडलं. राहतात का, असं म्हणणार होतो.

"हो," मी म्हणालो. "राहून राहिली."

तिकडून कोणी हसलं नाही.